तुम्ही विचारलंत म्हणून : एका ट्रेला पाच महिने?

जीप बघायला येणारा माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. इंजिन बघून मान हलवतो, फोटो काढतो. मग मी बॅटरीखालचा पत्र्याचा ट्रे दाखवतो आणि ह्याला पाच महिने लागले असं सांगतो, की ठरलेला प्रश्न येतो : "अहो, एवढ्याशा ट्रेला? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका दुपारात नवा वाकवून दिला असता की!"

दिला असता. मी विचारूनही आलो होतो.

जीप विलीजची, 1944 सालची. युद्धाच्या काळात विलीज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे राहिल्या आणि लिलावात गेल्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकला. आबांनी ती 1969 मध्ये बार्शीच्या एका कंत्राटदाराकडून घेतली. मोहोळजवळच्या शेतावर ती ऊस सोडून सगळं ओढायची.

ह्या जीपची वायरिंग मुळात 6 व्होल्टची. पुढे 6 व्होल्टची मोठी बॅटरी मिळेनाशी झाली, तेव्हा कुणा मिस्त्रीनं सरळ 12 व्होल्टची ट्रकची बॅटरी टाकून दिली. ती ट्रेत मावेना, म्हणून ट्रेची कड हातोड्यानं आडवी पाडली. वरून दाबून धरणारी चौकट बसेना, म्हणून ती फेकून दिली. मग बॅटरी हलायला लागली, शेताच्या रस्त्यावर धडधड वाजायला लागली. त्यावर आबांनी त्यांच्या परीनं उपाय केला. घरातली एक विरलेली सोलापुरी चादर चौघडी घालून बॅटरीखाली सारली.

आवाज बंद झाला. चादर तिथंच राहिली, तीस-एक वर्षं.

ट्रेचं सगळं दुखणं त्या चादरीत होतं. बॅटरी चार्ज होताना आतून वायू निघतो आणि त्याच्याबरोबर ॲसिडचे बारीक तुषार बाहेर येतात. पाणी जास्त भरलं तर थेंब ओघळतात. ह्यातलं पाणी उडून जातं, गंधकाचं ॲसिड उडत नाही. ते मागं राहून घट्ट होत जातं, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या सोलापुरात हे काम फार लवकर होतं. उघडा पत्रा असता तर पावसानं, धुण्यानं थोडं तरी वाहून गेलं असतं. चादरीनं थेंब न् थेंब पिऊन पत्र्याला लावून धरला.

बॅटरी उचलली तेव्हा मला वाटलं खाली काळी माती साचलीय. बोट लावलं तर ती चादर होती. सूत जळल्यासारखं काळंतपकिरी झालेलं, चिमटीत धरलं की भुगा. फक्त एका कोपऱ्यात, जिथं ॲसिड पोचलं नव्हतं तिथं, चार बोटं किनार शिल्लक होती. मरून आणि पिवळी. पिवळ्यात मोराचा अर्धा पाय दिसत होता. तिच्याखालचा पत्राही तेवढाच शाबूत होता, मूळ हिरव्या रंगासकट. बाकी ट्रेला चाळणीसारखी भोकं.

नवा ट्रे का नाही, ह्याचं माझं उत्तर असं आहे. ह्या जीपचं टप, सीटा, रेडिएटर, निम्मं बॉनेट, सगळं कधी ना कधी बदललेलं आहे. युद्धानं तिचं काही बिघडवलेलं मला सापडलं नाही. ट्रे मात्र आम्ही बिघडवला, तोही काळजीपोटी. शिवाय त्याचा जवळजवळ निम्मा भाग दुरुस्त होण्यासारखा होता. जो निम्मा होता तो टाकायला हात होईना. हट्टच म्हणा.

हट्टाला वेळ लागतो. आधी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतला. फस्सकन फेस आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतला, पुन्हा फेस. वरचा पत्रा चार दिवसांत गप्प झाला, पण ट्रे आणि त्याखालची पट्टी जिथं एकावर एक होती, त्या फटीतून तीन आठवडे बुडबुडे येत राहिले. फेस येतोय तोवर आत ॲसिड आहे. त्याच्यावर रंग मारला की वरून चकाचक, आतून पुन्हा सुरू. शेवटी दोन पत्रे ठिपक्याठिपक्यानं जोडणारे स्पॉट वेल्ड ड्रिलनं काढून दोन्ही पत्रे वेगळे केले, तेव्हा कुठं सुटका झाली.

मग गंज. घासून पत्रा आणखी पातळ होतो, म्हणून प्लास्टिकच्या पिंपात पाणी, धुण्याचा सोडा आणि एक भंगारातली लोखंडी सळई. चार्जरची ऋण वायर ट्रेला, धन वायर सळईला. बारीक बुडबुडे येतात, गंज काळा पडून सुटतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. सळई स्टेनलेसची घ्यायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे अंगणात करायचं, कारण निघतो तो हायड्रोजन. एवढं सगळं मला माहीत होतं, तरी एका रात्री घाईत वायरी उलट्या लावून झोपलो. सकाळी सळई तशीच, आणि ट्रेची एक कड ब्लेडसारखी. बायको म्हणाली, "ॲसिडनं ठेवलं होतं तेवढं तुम्ही खाल्लंत." पुढचे आठ दिवस मी पिंपाकडे गेलो नाही.

पत्र्याचं काम करणारे मामा आसरा चौकापलीकडे बसतात. त्यांनी ट्रे उजेडात धरून माझ्याकडे भोकातून बघितलं. "सर, एवढ्याशा जुन्याला नवं कशाला जोडायलाव? नव्यालाच जुना रंग मारू की." पण ठिगळ लावलं त्यांनी असं, की नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. पातळ जुना पत्रा वेल्डिंगला जळतो. म्हणून एक टाका, थांबायचं, पुन्हा एक टाका. तीन संध्याकाळी. पैसे सांगितले त्याहून कमी घेतले, वर शेंगाचटणी बांधून दिली.

बोल्ट साफ करताना एका डोक्यावर वळणदार इंग्रजी 'एफ' निघाला. फोर्ड आपल्या जीपांच्या सुट्या भागांवर, बोल्टांवरसुद्धा, हे अक्षर उठवायची. म्हणजे माझ्या विलीजच्या ट्रेला फोर्डचा बोल्ट. जाणकार मंडळी म्हणतात बदला, अशुद्ध आहे. मी उलट तोच बोल्ट पुढं दिसेल असा लावलाय.

गाडी परत 6 व्होल्टवर आणली, कारण 12 व्होल्टवर जुना स्टार्टर इतक्या जोरात फिरायचा की फ्लायव्हीलचे दात झिजले होते. डायनामो आणि त्याचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा कटआउट, ह्यांची कथा वेगळी, ती विचारू नका. बॅटरी मात्र एका जुन्या कारागिरानं एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, काळ्या डब्यात नव्या प्लेटा भरून बांधून दिली. तीन सेल, वर शिशाच्या पट्ट्या, कडेनं डांबर. तेवढ्याच ताकदीला 6 व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल जाड हवी. दुकानातली तयार केबल बारीक निघाली, शेवटी वेल्डिंगची 70 स्क्वेअर एमएमची वापरली. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं तिथं मी बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरून ठेवतो, ह्यावरून घरात बोलणी बसतात. पण नळाचं पाणी बॅटरीत घालणार नाही. खाली आता जाड रबर आहे, महिन्यातून एकदा उचलून बघतो.

एक अडचण राहिलीच. 6 व्होल्टवर इंजिन सावकाश फिरतं, म्हाताऱ्यानं जिना चढावा तसं : घर्र... घर्र... आणि मग लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं बॅटरी उतरली. परवा पंपावर असंच झालं. शेजारच्या गाडीतला मुलगा भला होता, विचारायच्या आत जंपर केबल घेऊन धावत आला. त्याच्या गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. बॉनेटवर आडवा हात धरून मी म्हटलं, "जोडू नको रे बाळा, थांब, लागेल ती."

"काका, डाऊन आहे बॅटरी," तो म्हणाला.

"डाऊन नाही. अशीच आहे ती."