चावी सोडली की इंजिन बंद

सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडायचं, आणि चावी सोडली की त्याच क्षणी गप्प व्हायचं. गाडी सत्तरच्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची. माझ्याकडे येईपर्यंत तिला कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), त्यांच्या जोडीचा कंडेन्सर, एवढंच काय, पेट्रोल पंपही नवा बसला होता. मालकांचा धीर सुटत चालला होता. "चावीच्या स्विचपर्यंत करंट येतोय आणि पुढेही जातोय. मीटरवर 12.6 दिसतंय, मी स्वतः पाहिलंय," ते म्हणाले.

"काका, तेव्हा पॉइंट उघडे होते की मिटलेले?" मी विचारलं. ते त्यांना सांगता येईना.

माझ्या मते सगळं त्या एका प्रश्नात होतं. पॉइंट उघडे असतील तर कॉइलमधून करंट वाहतच नाही. अशा वेळी संपर्क कितीही जळका असला तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायर तपासायची तर तिच्यावर भार असतानाच तपासायला हवी.

दोष कुठल्या बाजूला आहे, हे तर इंजिन स्वतःच सांगत होतं. या गाडीत कॉइल दीड ओहमची आणि तिच्या आधी तेवढ्याच रोधाचा बॅलास्ट, म्हणजे कॉइलला पोचणारं व्होल्टेज कमी करणारा रोध. सेल्फ फिरताना बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं, म्हणून तेवढ्यापुरता सोलेनॉइडकडून (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच) आलेल्या वेगळ्या वायरने कॉइलला थेट करंट मिळतो. चावी सोडली की हा रस्ता बंद, आणि मग स्विचमधून बॅलास्टमार्गे येणाऱ्या करंटवरच इंजिनाची भिस्त. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ठीकच होते. स्विच, त्यातून पुढे बॅलास्टकडे जाणारी पांढरी वायर आणि बॅलास्ट एवढंच शोधायचं उरलं.

चावी 'ऑन' ठेवून इंजिन हातानं हळूहळू फिरवलं आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पाहत राहिलो. पॉइंट मिटले की दिवा मंद, उघडले की लख्ख! मला तो क्षण फार आवडला. तो दिवाही त्याच पांढऱ्या वायरवर असतो. कॉइलने करंट ओढताच तिथलं व्होल्टेज कोसळत होतं. बॅलास्ट तर त्याच्या पुढे. म्हणजे दोष दिव्याच्याही मागे, स्विचकडे.

पॉइंट मिटलेले ठेवून मीटरची एक पिन बॅटरीकडून स्विचला येणाऱ्या तपकिरी वायरवर, दुसरी पांढऱ्यावर धरली. चांगल्या स्विचमध्ये इथे 0.2 व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला 6 च्या आसपास. कॉइलला मिळायला हवेत सुमारे 6 व्होल्ट, मिळत होते 3. उरलेली शक्ती उष्णता होऊन स्विचमध्येच जात होती. त्याची पाठ हाताला चांगलीच गरम लागली. (पॉइंट मिटलेले असताना चावी फार वेळ 'ऑन' ठेवू नये, कॉइलही तापते.)

खात्रीसाठी बॅटरीच्या प्लसवरून बॅलास्टला थेट वायर दिली. इंजिन एकसारखं चालू राहिलं. अशी वायर दिल्यावर चावीने इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

स्विच काढण्याआधी बॅटरीची अर्थ काढली. या गाडीत तपकिरी वायरला फ्यूज नाही. ती डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली तर वायरिंग पेटू शकतं. आत पितळी संपर्क काळा पडून खड्डे पडलेले, पांढऱ्या वायरचं टर्मिनल सैल, इन्सुलेशन करपलेलं. कारणही तिथेच लोंबत होतं: मागाहून बसवलेले फॉगलॅम्प आणि रेडिएटरचा विजेवरचा पंखा रिलेशिवाय (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) थेट याच टर्मिनलवरून घेतले होते. असं काम पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. कॉइलच्या 4 अँपिअरसाठी तो स्विच आणखी कित्येक वर्षं टिकला असता.

स्विच बदललाच, पण तेवढ्यावर थांबलो असतो तर नवाही जळला असता. वायर चमकदार तांबं दिसेपर्यंत मागे कापून नवीन टर्मिनल दाबून बसवलं. पंखा आणि फॉगलॅम्पला वेगवेगळे रिले, बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजसह. आता स्विचकडून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो.

पुन्हा मोजलं तर स्विचवर 0.1 व्होल्ट. पंखा, फॉगलॅम्प, वायपर सगळं एकदम लावून काकांना चावी फिरवायला सांगितली. इंजिन पकडलं, त्यांनी चावी सोडली आणि ते चालूच राहिलं.