खाऱ्या टाकीचं सायकलिंग: नायट्रेटच्या आकड्याला फसू नका

सायकलिंग म्हणजे समुद्री माशांच्या नव्या टाकीत अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढवणं. मासे न टाकता ते करायचं तर जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून १०० लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड पुरतं. अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २ भाग) आसपास येतो. बाजारातला नवसागर नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही.

पाण्याचा खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५-२६ अंश सेल्सिअस. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं उपकरण, ३५ पीपीटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट करा. बाष्पीभवनाने पाणी उतरलं की भर आरओ-डीआय फिल्टरने क्षार काढलेल्या गोड पाण्याचीच. मीठ उडून जात नाही.

अमोनिया एक दिवसाआड तपासा. तो उतरू लागला की नायट्राइट चढतो, आणि इथेच बरेच जण घाई करतात. नायट्रेट तपासायच्या किटमधलं रसायन आधी नायट्रेटचं नायट्राइट करून मग रंग दाखवतं. त्यामुळे पाण्यात नायट्राइट असेल तर नळी गडद लाल होते आणि नायट्रेट खोटाच भरमसाट दिसतो. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत तो आकडा वहीत लिहूसुद्धा नका.

केएच, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद (अल्कलिनिटी), मात्र बघत राहा. जिवाणू अमोनिया पचवताना अल्कलिनिटी खातात. ती ७ डीकेएचखाली (डीकेएच हे तिचं एकक) गेली तर खाण्याचा सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला.

२ पीपीएम अमोनियाचा डोस २४ तासांत शून्यावर आला की पाणी बदला, मग एखादाच मासा सोडा.