वेळ की वेल?

परवा इंदूरला घरच्याच बैठकीत मामेभावाने स्वतःची कविता वाचली, आता आमची मराठी निम्मी हिंदीच, त्यामुळे 'वेळ'ची सरळ 'वेल' झाली आणि मी दोन ओळी अंगणातली वेलच शोधत बसले. मग आलं 'जग'. जगण्यातला ज दातांपाशी घासून येतो, जीवातला मात्र टाळूवरून, लिहिताना दोन्ही सेम, फरक फक्त कानाला कळतो. याने सगळे ज हिंदीसारखेच म्हटले, म्हणजे जगण्यातलं 'जग रे' मला हिंदीतलं 'जग', म्हणजे जागा हो, ऐकू आलं आणि वाटलं कोणाला तरी झोपेतून उठवतोय! आजी पोथी वाचताना शेवटचा अ पण पुरता म्हणते, 'राम' नाही 'रामऽ', म्हणून तिची ओवी डोलते. भावाला काही बोलले नाही हं, पोहे-जलेबीची प्लेट पुढे सरकवली.