फाऊलर बेडवर दोघं

आमच्या सिरीजमधल्या बाईला चौथ्या स्टेजचा स्तनाचा कॅन्सर आहे आणि शेवटच्या भागात ती जाते, हे ओटीटी प्लॅटफॉर्मच्या लोकांना पहिल्याच मीटिंगमध्ये पटलं. कुणी हूं की चूं केलं नाही. जायच्या आधी तिला नवरा जवळ हवा आहे, तोही नुसता हात धरण्यापुरता नव्हे, हे मात्र काही केल्या पचेना. "लोक रडतील हो, पण हे..." म्हणत क्रिएटिव्ह हेडनी वाक्य अर्धवट सोडलं. पुढचं सगळं काम त्या 'पण हे'पाशीच अडत राहिलं.

मराठी माणसाला असलं चालत नाही, असं कुणी म्हटलं की मी र. धों. कर्व्यांचं नाव काढते. 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवर उघड बोलणारं मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, एका खटल्यात वकील म्हणून खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले. सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या. मग एकजण म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, पण फॅमिलीसोबत कर्वे कोण बघतं?" यावर काय बोलणार!

खरी वाट दाखवली ती पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या, एका डॉक्टरबाईंनी. त्या म्हणाल्या, शरीरसंबंधांबद्दल पेशंट विचारत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत. म्हणून त्या साधाच प्रश्न टाकतात: घरी झोपता कुठे? त्यातून सगळं बाहेर येतं. निदान झालं की 'तिला त्रास नको' म्हणून नवरा हॉलमध्ये जातो. मग भाड्याने फाऊलर बेड येतो, हँडल फिरवून वरखाली करायचा, हॉस्पिटलातल्यासारखा. दोन्ही बाजूंना कठडे, पायाशी हँडल, आणि रुंदी एका माणसापुरती. डबल बेड उभा करून भिंतीला लागतो. नवराबायकोने वेगळं झोपायचं असं कुणीच ठरवलेलं नसतं, फर्निचरच ते ठरवून टाकतं.

बेड मिळाला आणि आम्हाला कथा मिळाली. डोंबिवलीतलं वन बीएचके, सासूबाई, दहावीतला मुलगा, बारा तासांच्या ड्युटीवरची मावशी. एकांत आणायचा कुठून? मावशीने अशी घरं इतकी पाहिलीत की तिला कुणी काही सांगावं लागत नाही. ती सासूबाईंना देवळात घेऊन जाते आणि जाता जाता म्हणते, "ताई, हँडल मी आत्ताच फिरवून ठेवते. दोघं वर चढल्यावर पायाशी कोण येणार फिरवायला? मला हाक मारू नका." माझ्या मते अख्ख्या सिरीजमधलं हे सगळ्यात चांगलं वाक्य, आणि ते मी लिहिलेलं नाही. संशोधनासाठी भेटलेल्या एका खऱ्याखुऱ्या मावशींचं ते जवळजवळ जसंच्या तसं आहे.

विनोद मुद्दाम पेरावा लागला नाही. मॉर्फिन चालू झालं की बद्धकोष्ठता ठरलेली. आमच्या सहलेखकाने सासूबाई रोज रात्री इसबगोल पाजतात असा प्रसंग लिहिला होता. डॉक्टरबाई वाचून हसल्या आणि म्हणाल्या, मॉर्फिनवर आम्ही इसबगोल टाळतो. आतडंच मंदावलेलं असतं, भुसा नुसता साचून बसतो. आतड्याला ढकलणारं औषध लागतं. मग सीन असा झाला: दाराबाहेर सासूबाई इसबगोलचा पेला घेऊन, मावशी औषधाची बाटली घेऊन, दोघींची जुंपलेली, आणि सूनबाई आत कमोडवर बसून ऑफिसचा कॉल घेतेय. वाचनात सगळ्यात मोठा हशा इथेच पडला.

जवळिकीच्या सीनसाठी आम्ही इंटिमसी कोऑर्डिनेटर घेतली, म्हणजे असे सीन नटनटींच्या संमतीने, आधी ठरवून बसवून देणारी. एचबीओने 2018 मध्ये अशा सगळ्या सीनसाठी हा माणूस सेटवर असेल असं ठरवलं. आपल्याकडे आस्था खन्ना यांच्यासारख्यांमुळे हे काम माहीत झालं. तरी प्रॉडक्शनला तो जादाचा खर्चच वाटत होता. पटकथेत मी लिहिलं होतं, 'तो तिला कुशीत घेतो.' कोऑर्डिनेटरने तालमीत विचारलं, कोणत्या बाजूने? डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, त्या हाताला सूज आहे, त्यावर भार नको. उजव्या कॉलरबोनखाली केमोचा पोर्ट आहे, म्हणजे औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी, तिथे दाब नको. कमरेच्या हाडात आजार पसरलाय, म्हणजे गुडघ्यांखाली उशी हवीच. मग त्याने डोकं ठेवायचं कुठे? नट बेडभोवती दोनदा फिरला. शेवटी नटीच म्हणाली, पोटावर ठेव. सीन तिथेच सापडला. नंतर शूटला क्लोज सेट, मॉनिटरवर मोजकी माणसं, कोणता हात किती वेळ कुठे हे सगळं आधी कागदावर. लावणीच्या अदा बसवाव्यात तसं ते बसवलं गेलं. एका टेकला कठडा अडकला, नट त्यावरून घसरला आणि दोघं खरंच हसायला लागले. तोच टेक ठेवला.

बाकीचं शूटिंग इतर शूटिंगसारखंच. पाऊस, उशिरा येणारं जेवण, जनरेटर.

शेवटच्या भागावरून मात्र जोरदार वाजलं. त्यांना आयसीयू, व्हेंटिलेटर आणि ते बीप-बीप हवं होतं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, 1986 पासून आहे. तरी आपल्या मालिकांमधला माणूस मरायला अजून आयसीयूतच जातो. मी अडून बसले. आमची बाई घरीच गेली, त्याच बेडवर, हँडल खाली केलेलं.

मग वयोगटाचा घोळ. 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवर हे वर्गीकरण प्लॅटफॉर्मच करतो, आणि त्यांना 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठी, नको होतं, 16+ हवं होतं. उलट्या, टक्कल, रक्त यांतल्या कशालाच कुणाची हरकत नव्हती. छातीवरचा टाक्यांचा व्रण 'डिस्टर्बिंग' ठरला. प्रोस्थेटिकवाल्या मुलाने तो तासन् तास खपून केला होता. हार्मोनच्या गोळ्यांनी योनीत कोरडेपणा येतो म्हणून उशीजवळ जेलची ट्यूब ठेवली होती, तीही खटकली. बरीच घासाघीस होऊन व्रण राहिला, ट्यूब गेली. आता त्या शॉटमध्ये तिचा हात उशीखाली काहीतरी शोधतो आणि रिकामाच बाहेर येतो. प्रेक्षकांना वाटेल, मोबाइल शोधतेय.

प्रदर्शनाची तारीख ठरायची आहे. माझ्या मानधनाचा शेवटचा हप्ताही त्या तारखेलाच बांधलेला आहे.