चंद्राभोवतीचं खळं

चार महिने ती बाई आडवी झोपलीच नव्हती. भिंतीला गोधड्यांची चवड लावायची, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर वाकायचं आणि डुलक्या घेत रात्र काढायची. आणि त्या सकाळी मी तिला सांगत होते, की पाऊण तास एका नळीत उताणं पडून राहायचं, हलायचं नाही, आणि सांगू तेव्हा श्वास रोखून धरायचा.

"आडवं पडलं की जीव घाबरा व्हायलाय, म्याडम," ती म्हणाली. एवढंच. नाही म्हणाली नाही.

मी छत्रपती संभाजीनगरला हृदयरोगतज्ज्ञ आहे. ही बाई धारूरच्या बाजूची, तिशीतली, वजन ४१ किलो. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणारे; मुकादमाच्या वहीत ते दोघं मिळून एक कोयता. दोन सीझनमागे फडात मोळी डोक्यावर घेताना तिच्या छातीत कळ आली. श्वास घेतला की टोचायचं, पडलं की वाढायचं, पुढं वाकून बसलं की उतरायचं. ही तीन वाक्यं कुणी नीट ऐकली तर निम्मं निदान तिथंच होतं. हृदयाभोवती दोन पदरांचं पातळ आवरण असतं, पेरिकार्डियम. दोन पदरांच्या मधे १५ ते ५० मिलिलिटर द्रव, घर्षण होऊ नये म्हणून. या आवरणाला सूज आली की असं दुखतं.

पहिल्या खेपेला पाणी बरंच साचलेलं होतं, ते सुईनं काढलं. आपल्याकडे हृदयाभोवती पाणी म्हटलं की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो येणं बरोबरच आहे. तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी तिला सहा महिने एकेटी, म्हणजे क्षयाच्या गोळ्या, दिली गेली. गोळ्या संपायच्या आतच दुखणं उलटलं. मग एका ठिकाणी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम सुरू झालं आणि दहा दिवसांत एकदम बंदही झालं. आठ दिवस स्वर्ग, दीड महिन्यानं पुन्हा तेच. असं चार वेळा. या आजारात स्टेरॉइड मोठ्या मात्रेत देऊन झटकन थांबवणं म्हणजे निखाऱ्यावर राख टाकणं आहे. वरून विझल्यासारखं दिसतं. कोल्चिसिन हे दाहावरचं दुसरं औषधही कुणीतरी लिहून दिलं होतं, दिवसातून दोनदा. तिच्या वजनाला ते जास्त. जुलाब लागले, तिनं सोडून दिलं. शेवटी गावातल्या मेडिकलमधून "त्या पांढऱ्या बारक्या गोळ्या" ती दुखेल तशी घेऊ लागली.

माझ्याकडे आली तेव्हा छातीतलं दुखणं जवळजवळ नव्हतं. पाय सुजलेले, बोट दाबलं की खळगा पडायचा. पोटात पाणी. मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि श्वास आत घेतला की ओसरायच्या ऐवजी त्या आणखी वर चढायच्या. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा प्रत्येक ठोक्याला उसळी मारत होता, पोटातली मोठी शीर तट्ट फुगलेली. आवरण आवळलं होतं. हृदय जोर लावून आकुंचन पावत होतं, पण त्याला फुलायलाच जागा नव्हती.

सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, ४. म्हणजे रक्त सांगत होतं, सूज नाही. मी मनाशी हिशेब केला: दीड वर्षाचा आजार, दुखणं नाही, सीआरपी नॉर्मल, आवरण आवळलेलं. म्हणजे दाह विझला, मागं वण उरला. अशा वणावर गोळी चालत नाही. छाती उघडून ते आवरण सोलून काढावं लागतं. हे मोठं ऑपरेशन आहे, त्यातून सगळेच परत येत नाहीत. मी मुंबईच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या हातात दिली. दसरा तोंडावर होता, उचल घेऊन झाली होती. तो चिठ्ठीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग बरी व्हतीय का, तेवढं सांगा."

त्या संध्याकाळी हृदयाचे एमआरआय वाचणाऱ्या आमच्या रेडिओलॉजिस्ट मित्राशी दुसऱ्याच एका रुग्णाबद्दल बोलत होते. बोलता बोलता हिचं सांगितलं. तो म्हणाला, "आवरण थंड झालंय हे तुला कुणी सांगितलं?"

सीआरपीनं, म्हटलं.

"आणि त्या पांढऱ्या गोळ्या?"

मी गप्प झाले. प्रेडनिसोलोन चालू असताना सीआरपी खाली येणारच. मी नाडी बघावी तशी सीआरपी बघितली होती, आणि त्याच्यावर बाईची छाती उघडायला पाठवत होते. एक्स-रेत आणि सीटीत आवरणावर, जुन्या वणात सापडतो तसा, चुन्याचा एक ठिपकाही नव्हता, तेही माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं होतं. रात्रीच नवऱ्याला फोन लावला: चिठ्ठी घेऊन कुठं जाऊ नका, आधी एक तपासणी, एमआरआय, करायचीय. पैशाचं विचारलं तर म्हणाला, उचलीतून भरतो.

तिला आडवं होता यावं म्हणून दोन दिवस लघवीच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी उतरवलं. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघून घेतलं, कारण गॅडोलिनियम, म्हणजे चित्र उजळवणारं शिरेतलं औषध, द्यायचं तर किडन्या धड हव्यात. सकाळी सेंटरवर धातूचं सगळं काढायला सांगितल्यावर जोडवी निघाली, मंगळसूत्रावर अडलं. टेक्निशियन समजावत होता, ती मान हलवत होती. सासूबाई काही न बोलता बाहेर गेल्या, किराणा दुकानातून हळकुंड आणि दोरा घेऊन आल्या, ते तिच्या गळ्यात बांधलं आणि मगच मंगळसूत्र सोडून घेतलं. हळकुंड एमआरआयला चालतं. मला ते सुचलं नसतं.

पाठीखाली उतरती गादी दिली. श्वास रोखायचा सराव करून घेतला. आठ सेकंदांच्या वर तिला जमेना. टेक्निशियननं सगळी चित्रं तेवढ्या सेकंदांत बसवली. काचेआडून तो माइकवर तिला गावच्यासारखं सांगत होता, "श्वास घे ताई, सोड, आता धर... धर... घे." दोनदा तिनं हातातला इशाऱ्याचा फुगा दाबला, दोनदा बाहेर काढून बसवलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच म्हणाली, चला.

आधी हलती चित्रं. खोल श्वास घ्यायला लावला की मधला पडदा डावीकडे झुकत होता. आवळलेल्या पिशवीत एका बाजूला रक्त आलं की दुसऱ्या बाजूची जागा जाते, तेच. इथवर मला ठाऊक होतं. मग टी-टूची चित्रं, ज्यात ऊतींमधलं पाणी पांढरं दिसतं. आवरण उजळ होतं. मित्र काही बोलला नाही. गॅडोलिनियम दिलं आणि दहा मिनिटं थांबलो. या थांबण्यातच खरी गोष्ट आहे. निरोगी ऊतीतून हे औषध तेवढ्या वेळात वाहून जातं. दाह असलेल्या आवरणात नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, त्यातून ते पाझरतं आणि रेंगाळतं. जुन्या वणात, चुन्यात, रक्तवाहिन्याच नसतात. तिथं काही उजळत नाही. चरबीही पांढरी दिसते, म्हणून तिचा उजेड मुद्दाम दाबून चित्र घ्यावं लागतं, नाहीतर भलतीकडेच दाह दिसायचा.

मग ते चित्र आलं. काळं हृदय, आणि त्याच्याभोवती सलग पांढरं कडं. पावसाळ्यात चंद्राला खळं पडतं ना, तसं. जे आवरण एरवी २ मिलिमीटरच्या आत असतं आणि एमआरआयवर काळी रेघ म्हणून जेमतेम दिसतं, ते ५ मिलिमीटर होऊन पेटलेलं होतं. थंड कुठलं! चांगलं धगधगत होतं. मला त्या क्षणी आनंद झाला, आणि लगेच अंगावर काटाही आला, कारण ती चिठ्ठी मीच लिहिली होती.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी २०११ साली आवळलेल्या आवरणाच्या २९ रुग्णांचे एमआरआय पाहिले होते. ज्यांचं उजळलेलं आवरण जाड, ३ मिलिमीटर किंवा अधिक होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांचं आवळणं औषधांनी सुटलं. अभ्यास लहान आहे, पण त्यातला विचार पक्का आहे: सुजून आवळलेलं आणि वाळून आवळलेलं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्याला दोन-तीन महिने दाहाचं औषध देऊन पाहायलाच हवं.

प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, आणि ते रेंगाळत रेंगाळत उतरवायचं. कोल्चिसिन अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच, जेवणानंतर. क्षयाची धास्ती माझ्या मनातून गेली नव्हती; छातीच्या सीटीत गाठी नव्हत्या, फुप्फुसं स्वच्छ होती, तरी दर महिन्याला वजन आणि ताप बघायचं ठरवलं. दाह पेटवणारं शरीरातलं रसायन, इंटरल्युकिन-१, अडवणारी इंजेक्शनं आहेत, त्यातल्या रिलोनासेप्टला अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये याच आजारासाठी मान्यता मिळाली. माझ्या रुग्णांना मी ती अजून फक्त वाचून सांगू शकते.

कोल्चिसिनचं मात्र मला अप्रूप आहे. शतकानुशतकं वातरक्तावर (गाउटवर) दिलं गेलेलं हे स्वस्त औषध इटलीच्या मास्सिमो इमात्सिओंनी चिकाटीनं या आजारात तपासलं. २०११ च्या त्यांच्या चाचणीत पहिल्यांदा उलटलेल्या रुग्णांना सहा महिने हे दिलं, तर दीड वर्षात पुन्हा उलटण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ वर आलं. मूळ औषध युरोपातल्या एका कंदातलं, पण तेच द्रव्य आपल्या बांधावरच्या कळलावीत असतं. हे सांगितल्यावर सासूबाई दचकल्या. "ती तर इखारी हाय, म्याडम!" विषारीच आहे, म्हटलं, म्हणूनच मोजून अर्धा मिलिग्रॅम, कंद उकरून कुणी खायचा नाही, आणि ही गोळीही एकीच्या दोन करायच्या नाहीत. हे मी तीनदा सांगितलं.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगायची ठेवली होती. आवरण पेटलेलं असताना अंगमेहनत चालत नाही. हृदय जितकं धावेल तितकं ते घासतं. म्हणजे या सीझनला फड नाही. नवऱ्याला मी मॉनिटरवरचं ते चित्र दाखवलं. पांढरं कडं त्यानं बोटानं गिरवलं. "हे इझलं पायजे," म्हणाला. मुकादमाशी तो काय बोलला मला माहीत नाही. दसऱ्यानंतर तो एकटा गेला, अर्धा कोयता म्हणून.

सहाव्या आठवड्यात ती एसटीनं आली. पाय उतरलेले होते, पोट उतरलेलं होतं. इकोच्या खोलीत तिनं चप्पल काढली आणि मी काही म्हणायच्या आत पलंगावर आडवी झाली. इतक्या साध्या हालचालीकडे मी एवढ्या लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, आता बरं हाय, गोळ्या बंद करू का?

जानेवारीत, तीन महिन्यांनी, पुन्हा एमआरआय. पडदा उसळायचा थांबला होता. टी-टूवर आवरण शांत. पण गॅडोलिनियमनंतरच्या उशिराच्या चित्रात कडं पुसट का होईना, होतंच. दुखणं शून्य, सीआरपी शून्याला टेकलेलं, चेहरा तरतरीत. हे चित्र नसतं तर मीही भराभर मात्रा उतरवली असती आणि पाचव्यांदा उलटली असती. प्रेडनिसोलोन १५ वर आणलं आणि तिथून दर तीन-चार आठवड्यांनी अडीच, पुढं सव्वा मिलिग्रॅम.

मे महिन्यात मात्र फोन आला, छातीत दुखायलंय. साडेसातवर होतो. सासूबाई रडत होत्या. माझा हात फोनवरच मात्रा वाढवायला निघाला होता; आवरला. बोलावून घेतलं. पुढं वाकून आराम पडत नव्हता, पण डाव्या बरगडीवर बोट ठेवलं की ती कळवळत होती. एमआरआयवर कडं नव्हतंच. टँकर येतो तेव्हा हंडे भरायचे असतात, तिनं आठ-दहा एका दमात वाहिले होते. स्टेरॉइड एक कणही वाढवलं नाही. शेक घ्यायला सांगितला आणि हंडे दिराकडे द्यायला सांगितले. हंड्यांबद्दल सासूबाईंनी शब्द दिला.

सप्टेंबरात प्रेडनिसोलोन बंद झालं. कोल्चिसिन चालू आहे. पितृपंधरवड्यात दोघं मिळून आले, सोबत पिशवीभर सीताफळं. नवऱ्यानं विचारलं, आवंदा तिला न्यावं का. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिला जायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं; अर्ध्या कोयत्यात मागची उचल फिटलेली नाही, हे तिनं मला बाहेर वेगळं सांगितलं होतं.

गोळी बंद होऊन एकच महिना झाला होता. मी म्हटलं, अजून तीन महिने जाऊ देत, मग एक चित्र काढू.

तो यंदाही एकटाच गेला.