कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू

कालनिर्णय 1973 पासून आपल्या भिंतींवर आहे आणि त्याचं पान कधीच नुसतं तारखांचं नसतं, मागे रेसिपी असतात, लेख असतात. त्यामुळे असं कॅलेंडर थ्रीडीत करायचं आणि पंख्याच्या वाऱ्याने कोपरा उचलला गेलेला दाखवायचा तर ती मागची छपाई दिसलीच पाहिजे, नाहीतर ते पान घरातलं वाटतच नाही. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्लेनला, म्हणजे जाडी नसलेल्या सपाट पृष्ठभागाला, एक मटेरियल (रंग-छपाईचं रूप) दिलं की ते दोन्ही बाजूंना लागतं, म्हणजे मागून बघितलं तर त्याच तारखा, आरशात दिसतात तशा उलट्या.

बरेच जण यावर दोन प्लेन पाठीला पाठ लावून ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. तंतोतंत एका जागी ठेवले तर रेंडरमध्ये, म्हणजे तयार होणाऱ्या चित्रात, चट्टे येतात, थोडं अंतर सोडलं तर पान वळताना एक प्लेन दुसऱ्यातून डोकावतं, आणि एवढं करून काम दुप्पट.

त्यापेक्षा शेडर एडिटरमध्ये, म्हणजे नोड नावाचे ठोकळे जोडून मटेरियल बनवतात तिथे, जॉमेट्री नोड घ्या, त्यात बॅकफेसिंग नावाचं आउटपुट आहे, ते पुढच्या बाजूला 0 देतं आणि मागच्या बाजूला 1. ते मिक्स शेडर या दोन मटेरियल मिसळणाऱ्या नोडच्या फॅक्टरला जोडायचं, वरच्या शेडर सॉकेटला तारखांचं मटेरियल, खालच्याला मागच्या मजकुराचं, बस. मागची इमेज उलटी दिसेल कारण यूव्ही, म्हणजे पानावर इमेज कशी बसते त्याचा नकाशा, दोन्ही बाजूंना एकच आहे, तर तिच्या मॅपिंग नोडमध्ये एक्सचं स्केल -1 करा. पान यूव्हीच्या पूर्ण चौकोनात बसलेलं असेल आणि इमेज रिपीटवर (कड संपली की पुन्हा सुरू होणारी) असेल तर बाकी काही हलवावं लागत नाही. मजकूर पान वर उलटून वाचायचा असेल तर मात्र एक्स नाही, वाय -1.

पुढची बाजू कुठली हे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ती दिशा, ठरवतो. ओव्हरलेमध्ये फेस ओरिएंटेशन लावलं की मागची बाजू लाल दिसते, तारखांकडूनच लाल दिसत असेल तर एडिट मोडमध्ये ऑल्ट-एन दाबून फ्लिप. स्केचअप हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे ओळखीचं असेल, तिथे पुढची बाजू पांढरी, मागची निळसर करडी आणि दोन्हींना वेगळा रंग सरळ लावता येतो. व्ही-रे या रेंडररमध्ये तर टू-साइडेड मटेरियल तयारच मिळतं, फ्रंट, बॅक आणि ट्रान्सलुसन्सीसकट (म्हणजे उजेड आरपार झिरपणं).

आणि ती ट्रान्सलुसन्सी कृपा करून सोडू नका. कॅलेंडरचा कागद पातळ, मागून खिडकीचा उजेड आला की चौकोनातल्या तारखेच्या आड मागच्या ओळी पुसट दिसतात, आणि माझ्या मते कागद कागदासारखा दिसतो तो तिथेच. त्यासाठी दोन्ही इमेज मल्टिप्लाय करून ट्रान्सलुसंट बीएसडीएफ या उजेड झिरपू देणाऱ्या शेडरच्या रंगाला द्या आणि तो शेडर थोडासाच मिसळा, जास्त झाला तर बटर पेपर वाटायला लागतो.

जाड पुठ्ठा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सॉलिडिफाय हा जाडी देणारा मॉडिफायर लावा, दोन मटेरियल स्लॉट करा आणि मॉडिफायरमधला मटेरियल ऑफसेट 1 ठेवा. बॅकफेसिंग तिथे चालणार नाही, कारण जाडी आली की दोन्ही पृष्ठभागांची पुढचीच बाजू आपल्याकडे असते.