बाहेर नाय, खाडीतच

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात समुद्रफेरीला जाणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. आमचं घराणं त्यातलंच. खोल्यांचे भाव उतरलेले, होडीवाल्याशी घासाघीस करायला वाव, आणि कागदोपत्री सगळं चालू. पर्यटकांच्या होड्या बंद होतात त्या 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत. म्हणजे 25 तारखेच्या संध्याकाळपर्यंत समुद्र आपलाच, असं पुण्यात बसून आम्ही धरून चालतो.

दर्याला मात्र परिपत्रकाची प्रत जात नाही. 2025 साली जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचा मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडला येऊन थडकला! आमची फेरी त्याआधीच्या एका वर्षीची. तेव्हा पाऊस आला नव्हता, नुसता वारा फिरला होता.

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. बेत असा होता, की खाडीतल्या त्सुनामी बेटाला, म्हणजे वाळूच्या एका पट्ट्याला, वळसा घालून संगमातून बाहेर पडायचं आणि निवतीच्या बाजूला डॉल्फिन बघायचे. तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, खाऱ्या वासाची नारिंगी जॅकेटं वाटली, इंजिन चालू केलं, आणि संगमापाशी येऊन वेग पार कमी केला.

"बाहेर नाय. खाडीतच फिरवतंय."

"अहो, पण ऊन पडलंय की लख्ख!" आमचे काका म्हणाले.

"काका, ऊन वर हा. पाणी बघा."

मग पाणी बघितलं. ओहोटी लागली होती. नदी बाहेर धावत होती, समोरून लाटा आत येत होत्या, आणि दोघांची गाठ पडत होती तिथे लाट आखूड होऊन उभी राहायची, क्षणभर हिरवी दिसायची आणि फुटायची. पलीकडे समुद्र बरा दिसत होता. पांढरं पाणी नेमकं दारातच. भरतीला हे दार निवतं, पण तोवर वारा वाढला तर? आम्ही विचार करत होतो जायचा, तो परत येण्याचा. पैसे मोजलेल्या माणसाला हा फरक पटायला जरा वेळ लागतो.

खाडीतली फेरी तशी पाऊण तासाचीच. त्यात डॉल्फिन नव्हते, पण काठावर होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. 1 जूनपासून मासेमारीही बंद, त्यामुळे सगळ्यांची घाई. इंजिन आधीच उतरवून घरी गेलेलं. होडीखाली ओंडके, दोन्ही बाजूंना माणसं, आणि एकाने आरोळी दिली की सगळ्यांचा एकदम जोर. होडी हातभर सरकायची. मागचा ओंडका काढून कोणीतरी पळत पुढे आणून टाकायचा. वर पोचलेल्या होड्यांवर विणलेल्या झावळ्यांचे झाप चढत होते. आमचा तांडेल आमच्याकडे कमी आणि तिकडेच जास्त बघत होता. त्याचीही होडी रांगेत होती.

काठाला लागल्यावर त्याने न मागता निम्मे पैसे परत केले. काकांनी ते मोजून घेतले.

"गणपती झाले की या. बाहेर नेतंय."

"तेव्हा भाव काय?"

"सीझनचो," तांडेल म्हणाला आणि इंजिन सोडवायला वाकला.